जुन्या कॅसिनोच्या गावी परत जाऊन यावं का? (अटलांटिक सिटी, १९९३ ते ९६)

मकबरावाला
नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यातला, बीबी का मकबऱ्याच्या सावलीतच लहानाचा मोठा झालो म्हणा ना. मामानं अमेरिकेतून आईची ग्रीन कार्डची फाईल लावली होती, मी तेव्हा २१ च्या आत होतो म्हणून आईबाबांबरोबर माझंही झालं आणि १९९२ ला आम्ही तिघं न्यू जर्सीला गेलो. बी.कॉम. अर्धवट सोडलेलं, इंग्रजी जेमतेम. मामाच्या ओळखीतल्या एका गुजराती भाभींनी सांगितलं की अटलांटिक सिटीला कॅसिनोत लोकं घ्यायलेत. त्यांना नोकरी होती ताज महालमध्ये, मला पण तिथंच लागली. हो, कॅसिनोचं नावच ट्रम्प ताज महाल होतं, १९९० ला उघडलेला, वर घुमट, रंगीत मिनार, दाराशी दगडाचे हत्ती. पहिल्या दिवशी मी दारासमोर उभा राहून नुसता बघत राहिलो, घराच्या खिडकीतून रोज मकबरा बघणारा पोरगा सात समुद्र ओलांडून आला आणि परत घुमट मिनारापाशीच येऊन उभा राहिला.

काम होतं चेंज पर्सनचं. तेव्हा जुगाराच्या मशिनीत नाणी टाकावी लागायची. आम्ही नाण्यांची गाडी ढकलत मशिनींच्या रांगांतून फिरायचो, कुणी हात वर केला की नोट घ्यायची आणि नाण्यांचा रोल द्यायचा. क्वार्टरचा रोल म्हणजे ४० नाणी, १० डॉलर. माझी शिफ्ट रात्री १२ ते सकाळी ८. नाणी हाताळून बोटं काळी पडायची, साबणानं जायचं नाही, आईनं लिंबाची फोड घासायला शिकवलं. आणि तो आवाज. कुणाला लागलं की खालच्या स्टीलच्या ताटात खळखळ नाणी पडायची, हजारो मशिनी, अख्खी रात्र. घरी येऊन झोपलो तरी कानात तेच.

शिफ्ट सुटली की बोर्डवॉकवर जायचो, म्हणजे समुद्राच्या काठानं मैलोनमैल गेलेला लाकडी फळ्यांचा रस्ता. समोर स्टील पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला धक्का. बाकड्यावर बसून आईनं दिलेले धपाटे आणि शेंगाची चटणी खायची. सोबत फिलिपिन्सची एक ताई, बांगलादेशचे दोघं भाऊ, ती गुजराती भाभी. सगळ्यांना धपाट्याची चटक लागली होती. सीगल पक्षी हातातून तुकडा पळवायचे.

बाबांना तिथली थंडी झेपली नाही, १९९६ ला आम्ही परत आलो. मग औरंगपुऱ्यात स्टेशनरीचं दुकान टाकलं, संसार झाला, सगळं नीट झालं. पण त्या तीन वर्षांबद्दल मी कुणाशी फार बोललोच नाही कारण कॅसिनो म्हटलं की इथं लोकांचा चेहरा बदलतो.

आता मुलगा न्यू जर्सीतच एडिसनला नोकरीला आहे, पुढच्या उन्हाळ्यात या म्हणतोय. मला अटलांटिक सिटी बघायची आहे. बायको म्हणते कशाला, तुमचा ताज महाल तर २०१६ लाच बंद पडला, काय बघणार. तिचं चूक नाही. तुम्ही कुणी तरुणपणी केलेल्या नोकरीच्या गावी इतक्या वर्षांनी परत गेलात का? काय वाटलं? जावं का?

फर्दापूरचा
दादा तुमचं वाचून डोळ्यासमोर सगळं आलं. मी कॅसिनो कधी बघितला नाही पण माझी पहिली नोकरी पण पर्यटकांचीच. १९८४-८५, मी आठवीत, अजिंठ्याला लेण्यात ऊन फेकायचं काम करायचो. आता लोकांना खरं वाटत नाही. बाहेर उन्हात मोठा आरसा धरायचा, आत दुसरा माणूस पांढरा कपडा धरून बसायचा, आरशातलं ऊन त्या कपड्यावर पडलं की सगळी भिंत हळूहळू उजळायची आणि अंधारातून चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व वर यायचा. ऊन सरकत जायचं तसं आरसा पण सरकवावा लागतो, हात कापला की आतला उजेड पण कापतो, आतला काका ओरडायचा ए पोऱ्या धर नीट. जपानी लोकं तर उजेड पडला की हात जोडायचे, कुणी बोलायचं नाही. एवढी शांतता मी नंतर कुठल्या देवळात पण ऐकली नाही.

दुपारून गारगोट्या विकायचो. आपल्या ह्या काळ्या दगडाच्या पोकळीत सापडतात ना, बाहेरून बटाट्यासारखा आणि फोडला की आत पांढरे हिरवे स्फटिक, त्या.

तेव्हा गाड्या थेट लेणीच्या पायथ्याला जायच्या. आता सगळं ४ किलोमीटर अलीकडं टी पॉइंटला थांबतं आणि तिथून सरकारी बस. आत मंद दिवे आले, चित्रांसाठी ते चांगलंच आहे, आरसेवाला कुणी राहिला नाही. मी गावातच असून १७ वर्षं लेणीत गेलो नव्हतो. मागच्या वर्षी नातीला घेऊन गेलो आणि १ नंबरच्या लेणीच्या दारात जिथं मी आरसा घेऊन बसायचो तिथं बसलो तर मला नेमकं कळलं की ऊन आत्ता कुठं आहे आणि किती वाजलेत. घड्याळ बघितलं, दहा मिनिटांचा पण फरक नव्हता. जा दादा. हाताला आठवतं सगळं. सोमवारी मात्र अजिंठा बंद असतं, इकडं कुणी येणार असेल तर लक्षात ठेवा, आणि वेरूळ मंगळवारी.

परभणीचा वकील
मकबरावाला साहेब, एक माहिती देतो, तुम्हाला आवडेल. न्यू जर्सीत लोकांनी मतदान करून फक्त अटलांटिक सिटीपुरते कॅसिनो मान्य केले ते नोव्हेंबर १९७६ मध्ये, त्याआधी १९७४ ला अख्ख्या राज्यासाठीचा प्रस्ताव पडला होता. पहिला कॅसिनो मे १९७८ ला उघडला. कारण असं की हे एकेकाळचं फार मोठं हवापालटाचं गाव, पण विमानं स्वस्त झाली तसे लोक फ्लोरिडाला जायला लागले आणि जुनी हॉटेलं ओस पडली, गावाला जगवायचं म्हणून कॅसिनो आणले. आणि गंमत बघा, आपल्या महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा पण १९७६ चाच. केला, पण अंमलात कधीच आणला नाही, शेवटी २०२३ ला रद्दच करून टाकला. गोव्याचा जुगाराचा कायदा पण १९७६ चा, त्यात १९९२ ला पंचतारांकित हॉटेलात मशिनी आणि १९९६ ला बोटीवरचे कॅसिनो आले. म्हणजे एकाच वर्षी तीन ठिकाणी निर्णय झाला आणि तीन गावांचं नशीब तीन दिशांना गेलं. माझं स्वतःचं मत, आपल्याकडं आला नाही ते बरं झालं. पण तुम्ही जा, तुमची तिथली कमाई कष्टाची होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पणजीहून परतलेला बीडकर
काका, मी २०१५ ते २०१९ पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा होतो. गावाकडं दुष्काळ, शेतात काही नव्हतं, वडील ऊसतोडीला जायचे, मी हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून गोव्याला पळालो. घरी सांगितलं हॉटेलात आहे. चार वर्षं तेच सांगितलं.

ट्रेनिंगमध्ये आधी चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या मोजायला शिकवतात, हाताच्या अंदाजानं २० ची थप्पी उचलता आली पाहिजे. आणि टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून दाखवायचे, वर कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की हातात काही नाही. काका काय सांगू, मी आता बीडला मोबाईलचं दुकान चालवतो आणि अजून पण गिऱ्हाईकाला सुट्टे दिले की माझे तळवे आपोआप उलटे होतात. आईनं एकदा विचारलं हे काय करतोस रे, तेव्हा तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणली हात रिकामे दाखवायचा धंदा होता ना मग तू काय चोरी केलीस.

मी दोन वर्षांखाली परत पणजीला जाऊन आलो. बोटीवर नाही गेलो, काठावरनं बघितलं. रात्री पाण्यात ते लाल निळे दिवे हलताना तेवढे छान दिसतात की पोटात कालवतं. सोबतची पोरं आठवली, मणिपूरचे, नेपाळचे, दार्जिलिंगचे. कोण कुठं गेलं माहीत नाही.

लातूरची लेक
सगळे जा जा म्हणायलेत म्हणून मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका दादा.

मी १९९३ ला लातूरला एका एसटीडी बूथवर बसायचे, १९ वर्षांची होते. आमच्या बूथला लागूनच लॉटरीची टपरी, ती एक आकडी लॉटरी होती ना तेव्हा, दिवसभर आकडे लागायचे. माझे बाबा पगाराच्या दिवशी त्याच टपरीवर उभे असायचे आणि मी काचेतून बघायचे. बोलता यायचं नाही. घरात काय झालं ते लिहीत नाही. म्हणून तुमचा तो नाण्यांचा खळखळ आवाज वाचताना मला दुसराच आवाज ऐकू यायला लागला. तुम्ही ज्यांना रोल द्यायचात त्यांची पण कुणाची तरी लेक काचेपलीकडं असेल ना.

पण बूथची आठवण निघाली तर दुसरं पण सांगते. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सकाळी बूथ उघडलं तर रांग पार चौकापर्यंत. किल्लारी, सास्तूर, तिकडची माणसं, कुणाच्या अंगावर माती तशीच. लाईनी लागत नव्हत्या. एरवी लोकं रात्री ११ ची वाट बघायचे पावपट दरासाठी, त्या दिवशी कुणी मीटरकडं बघितलं नाही. मालकानं सांगितलं कुणाचे पैसे घेऊ नकोस. मी तीन दिवस घरी गेले नाही. ते बूथ आता नाही, तिथं मिठाईचं दुकान आहे, मी दर वेळी मुद्दाम तिथूनच पेढे घेते.

मकबरावाला
ताई, राग कशाचा. तुम्ही लिहिलंत ते मी तिथं डोळ्यानं बघितलंय. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाहून म्हाताऱ्यांच्या बसच्या बस यायच्या, कॅसिनोच त्यांना नाण्यांचं कुपन द्यायचे, या म्हणून. तेव्हा तिकडं सरकारी पेन्शन ३ तारखेला यायची, ३ नंतरचा आठवडा आम्हाला पाणी प्यायला वेळ नसायचा. एक आजी होत्या, नेहमी त्याच मशिनवर, मला सन, म्हणजे बाळा म्हणायच्या. एका रात्री त्यांनी पाच रोल घेतले, मग आणखी चार, मग पर्समधलं शोधायला लागल्या. मी म्हटलं आजी आज पुरे, कॉफी घ्या. माझ्या सुपरवायझरनं ऐकलं आणि बाजूला घेऊन सांगितलं परत असं बोललास तर उद्यापासून येऊ नको. मी परत बोललो नाही. घरी पैसे पाहिजे होते. त्या आजी आठवल्या की अजून झोप लागत नाही, हे आज पहिल्यांदा कुठं तरी लिहितोय.

आणि भूकंप. इकडं ३० ची पहाट म्हणजे तिकडं २९ ची संध्याकाळ. मी शिफ्टला जाताना ब्रेक रूमच्या टीव्हीवर नकाशा दिसला आणि लातूर नाव. माझी आत्या औशाला. रात्रभर ब्रेक मिळाला की पेफोनवर नाणी टाकत होतो, लाईन लागायची नाही आणि नाणी खणखण परत पडायची. ती फिलिपिन्सची ताई तिच्या ब्रेकमध्ये माझी गाडी सांभाळत होती, भाभीनं तिची टिप माझ्या खिशात टाकली. तिसऱ्या दिवशी लागला फोन, आत्या सुखरूप होती. त्या तीन दिवसांत तुम्ही ताई लातूरच्या टोकाला बसलेल्या होतात आणि मी तिकडच्या टोकाला, हे वाचून मला खूप वेळ काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या कॅसिनोचं काही नाही, ती माणसं जिथं उभी होती ती जागा बघायची आहे.

एडिसनचा नांदेडकर
काका, मी एडिसनलाच आहे, पंधरा वर्षं झाली, दोनतीनदा अटलांटिक सिटीला गेलोय, आता काय आहे ते सांगतो. ताज महालची इमारत उभी आहे, पाडलेली नाही, पण मिनार आणि घुमट काढले आणि २०१८ पासून तिथं हार्ड रॉक नावाचा कॅसिनो आहे, दारात मोठी गिटार. दुसरे कॅसिनो बघाल तर ट्रम्प प्लाझा मात्र फेब्रुवारी २०२१ ला स्फोटानं पाडला, सँड्स तर २००७ लाच पाडला. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद झाले होते, शेजारच्या राज्यांनी पण कॅसिनो काढले मग लोकं एवढ्या लांब कशाला येतील. मशिनीत नाणी नाहीत, कागदाची पावती निघते, त्यामुळं तो खळखळ आवाज तुम्हाला ऐकायला मिळणार नाही, हे आधीच सांगतो म्हणजे तिथं जाऊन मन खट्टू होणार नाही.

पण बोर्डवॉक तोच आहे, फळ्यांचा. स्टील पिअर आहे, त्यावर मोठा पाळणा आलाय. ढकलायच्या वेताच्या खुर्च्या अजून आहेत. टॅफीची, म्हणजे चिवट गोळ्यांची दुकानं आहेत, छोट्या जिटनी बस आहेत. आणि आपण लहानपणी व्यापार खेळायचो ना, त्याच्या अमेरिकन मोनोपॉलीतले रस्ते जवळपास सगळे ह्याच गावचे, पॅसिफिक अव्हेन्यू, बाल्टिक अव्हेन्यू, पाट्या वाचत चालायला मजा येते, मुलाला दाखवा.

एडिसनहून गाडीनं दोन तासाच्या आत पोचता, गार्डन स्टेट पार्कवेनं खाली. जूनमध्ये या, सूर्य साडेपाचच्या सुमारास निघतो. तुमची शिफ्ट आठला सुटायची म्हणजे सूर्योदय तुम्ही कधी बाकावरून बघितला नसेल, आत तर खिडकी पण नसते. एकदा तो बघा. मुलाला जमलं नाही तर मी नेतो, नंबर खाजगी निरोपात पाठवतो.

मकबरावाला
बरोबर ओळखलंत हो. तीन वर्षं त्या समुद्राला लागून काम केलं आणि सूर्य उगवताना फक्त सुट्टीच्या दिवशी दोनदा बघितला.

मुलाशी आत्ताच बोललो. त्याला आजपर्यंत एवढंच माहीत होतं की बाबा तिकडं एका मोठ्या हॉटेलात होते. सगळं सांगितलं, आजींचं पण. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला तीन वाजता निघू. बायको पण येतेय, ज्वारीचं पीठ न्यायचं का तिकडं मिळतं विचारतेय. नांदेडकर, मिळतं का?

एडिसनचा नांदेडकर
मिळतं काकू, ओक ट्री रोडला. चटणी मात्र तिकडूनच आणा.