जॅक वॉकरला हॉल ऑफ फेममध्ये जागा द्यायची का नाही?

कुंडलिकाकाठ, जालना
रविवारी टर्फवर खेळून झालं आणि चहाच्या गाड्यावर वाद पेटला. तो अर्धवट राहिला म्हणून इथं टाकतोय. इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग, तिचं हॉल ऑफ फेम, म्हणजे गाजलेल्यांची मानाची यादी, २०२१ साली सुरू झालं, पहिली दोन नावं ॲलन शिअरर आणि थिएरी आँरी. शिअररबद्दल वाद नाही, २६० गोल आहेत गड्याचे. पण त्याला ब्लॅकबर्नमध्ये आणणारा जॅक वॉकर कुठाय?

वॉकर हा ब्लॅकबर्नचाच. लोखंडाचा धंदा, म्हणजे आमच्या एमआयडीसीतल्या सळईवाल्या शेठसारखा समजा. धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि १९९१ ला गावचा क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, हातात घेतला. क्लब तेव्हा दुसऱ्या फळीत. केनी डलग्लिशला मॅनेजर केलं, पुढच्या वर्षी शिअरर आणला, १९९५ ला लीग जिंकली. आधीची लीग १९१४ ची होती! ९५ ची लीगही शेवटच्या दिवशी लिव्हरपूलकडून हरून जिंकली, कारण तिकडं गुणांत मागं असलेले मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी बरोबरीत अडकले. आचाऱ्याचं कौतुक करायचं आणि शिधा देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला पटत नाही. मालकांना जागा पाहिजे.

पायरीवरचा पंच, परळी
शिधा देणाऱ्याचं नाव पावतीवर असतंय राव, आरतीत नाही. वॉकरच्या नावाचं स्टँड आहे ना मैदानात? झालं की मग. आपल्याकडं देवळात बघा, फरशीफरशीवर ‘यांच्या स्मरणार्थ’. पाय ठेवायला जागा नाही. पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर नाव, आणि पंखा सुरू केला की नाव दिसत नाही. हॉल ऑफ फेम ही खेळलेल्यांची जागा आहे, ती तशीच राहू द्या.

आणि एकदा दार उघडलं की कुणाकुणाला आत घेणार? अब्रामोविच या रशियन अब्जाधीशानं २००३ ला १४ कोटी पौंडांत चेल्सी घेतली. लीग जिंकली, चॅम्पियन्स लीग जिंकली. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, ब्रिटिश सरकारनं त्याची मालमत्ता गोठवली आणि क्लब विकावा लागला. आधी नाव कोरायचं, मग हातोडा घेऊन जायचं का?

कुंडलिकाकाठ, जालना
वॉकर आणि अब्रामोविच एका तागडीत नका टाकू. एक गावचा, एक बाहेरचा.

पायरीवरचा पंच, परळी
गावचा होता, पण कर वाचवायला जर्सी बेटावर राहायला गेलेला. गावच्या माणसाचं कौतुक करताना तेवढं सोडून देता तुम्ही.

गंजगोलाई रेड, लातूर
मी मँचेस्टर युनायटेडवाला. त्यामुळं मालक हा शब्द ऐकला की माझं डोकं सरकतं. ग्लेझर कुटुंबानं २००५ ला साधारण ७९ कोटी पौंडांत क्लब घेतला, पण त्यातले बरेच पैसे कर्जाचे, आणि ते कर्ज चढवलं क्लबवरच. ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी: एखाद्यानं तुमचं शेत विकत घ्यायचं, पैशासाठी त्याच शेताच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायचा, आणि हप्ते शेताच्या मालातून फेडायचे. वर मेहेरबानी केल्यासारखं बांधावर उभं राहायचं. काही चाहते तेव्हाच उठून गेले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला, एका सभासदाला एक मत.

पण मी मालकांच्या सरसकट विरोधात नाही, हेही लिहितो. १९०२ ला न्यूटन हीथ नावाचा क्लब दिवाळखोरीत बुडत होता. जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या बिअरवाल्यानं पैसे घातले, नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झालं. १९३१ ला परत तीच गत, तेव्हा जेम्स गिब्सननं खेळाडूंचे पगार दिले. हे दोघं नसते तर ना बझबी, ना फर्ग्युसन हे मॅनेजर, ना मी. त्यांची नावं मात्र आपल्या ग्रुपातल्या दहापैकी दोघांना माहीत असतील. म्हणून वॉकरला माझं मत हो. ग्लेझरला मरेपर्यंत नाही.

सोयाबीन स्ट्रायकर, हिंगोली
ब्लॅकबर्नचा विषय काढला आणि पुढचा अंक कुणी सांगेना. वॉकर २००० साली वारले. २०१० च्या नोव्हेंबरात क्लब कुणी घेतला? आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्या व्यंकीजनी! महिनाभरात मॅनेजर सॅम ॲलर्डाइसला काढलं, स्टीव्ह कीनला बसवलं, २०१२ ला संघ खाली घसरला. घसरला त्या विगनच्या मॅचला चाहत्यांनी क्लबचा झेंडा गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. आमच्या गल्लीत त्या रात्री हसावं का रडावं कळेना. मराठी माणसाला पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये घरचं कुणीतरी भेटलं, आणि ते असं.

मांजराखोरे, धाराशिव
कोंबडीवर हसून झालं असेल तर थोडं पुढं जाऊ. व्यंकीजनी चुका केल्या, पण नंतर वर्षानुवर्षं तोटाही भरला. २०१७ ला संघ तिसऱ्या फळीत गेला, २०१८ ला वर आला, तेव्हाही मालक तेच.

मुळात तुम्ही सगळे ‘चांगला मालक, वाईट मालक’ यातच अडकलात. मालक पाहिजेच कशाला? जर्मनीत ५० अधिक १ चा नियम आहे: निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हातात. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत, पण नियम टिकून आहे. बार्सिलोना, रेआल माद्रिद सभासदांचे. आपल्याला तर हे कुणी शिकवायला नको. साखर कारखान्याचा शेअर घेणारा आपला आजा हेच करत होता.

पायरीवरचा पंच, परळी
आणि त्या कारखान्याचं काय झालं, तेही सांगा की ताई. ऊस आपला, शेअर आपला, आणि एक दिवस कळलं की कारखाना ‘आजारी’ आहे. मग लिलाव. सभासदाला मिळतंय काय, तर वर्षाला एकदा सभेचं जेवण आणि दिवाळीची साखर. बार्सिलोनाचं वेगळं काय झालं? लाखावर सभासद असताना कर्ज अब्ज युरोच्या वर गेलं आणि २०२१ ला मेस्सी रडत रडत पॅरिसला गेला. पुढारी निवडून दिला म्हणून तो हिशेबाचा पक्का असतो असं नाही.

मांजराखोरे, धाराशिव
बरोबर. पण बार्सिलोनाचा अध्यक्ष मतपेटीतून घालवता येतो. ग्लेझरला कोणत्या मतपेटीतून घालवणार? लातूरवाले, तुम्हीच सांगा. २०१० पासून जुन्या न्यूटन हीथच्या रंगांचे हिरवे-पिवळे मफलर दाखवून हलला का माणूस?

गंजगोलाई रेड, लातूर
दुखत्या जागी बोट ठेवलंत. २०२४ ला रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीनं पाव हिस्सा घेतला, खुर्ची अजून ग्लेझरचीच.

मोंढ्यातला मिडफिल्डर, नांदेड
तुम्ही इंग्लंडच्या रोव्हर्सवर भांडायलाव, मी रोव्हर्स कपाचं सांगतो. मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं, हैदराबाद सिटी पोलीसनं नेला. आमचे आजोबा मोगलाईत हैदराबादला शिपाई होते, त्यांच्या तोंडून घरात देवाच्या वर रहीमसाहेबांचं नाव. सय्यद अब्दुल रहीम, आधी शाळामास्तर, मग कोच. १९५१ आणि १९६२ चं एशियन गेम्सचं सोनं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर. जकार्तातल्या १९६२ च्या फायनलला स्वतः कॅन्सरनं पोखरलेले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंगला बचावातून काढून पुढं खेळवलं, त्यानं गोल मारला, कोरिया २-१ नं हरला. पुढच्या जूनमध्ये साहेब गेले. कोचांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार निघाला १९८५ ला. बसा आता हॉल ऑफ फेम करत.

त्या संघाचा मालक कोण? पोलीस खातं. पोरांना नोकरी, पगार, आणि संध्याकाळी ग्राउंड. वॉकरला जागा देताय तर खात्यालाही द्या! मी तर म्हणतो, कोणालाच नको. कोचला मात्र पाहिजे. प्रीमियर लीगलाही फर्ग्युसन आणि आर्सेनलचा वेंगर हे मॅनेजर आठवायला २०२३ उजाडलं, कामून कुणास ठाऊक.

कुंडलिकाकाठ, जालना
मग हैदराबाद एफसीनं त्या पाच कपांवर हक्क सांगितला तर चालेल?

मोंढ्यातला मिडफिल्डर, नांदेड
अजिबात नाही! तो तर पुण्याचा क्लब. एफसी पुणे सिटी २०१९ ला मोडला, त्या जागी नव्या मालकांनी हैदराबाद एफसी उभा केला, २०२२ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली. मग पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ ला तीच जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. बदलीच्या नोकरीतला तलाठी बरा. आता २०२२ ची ट्रॉफी कुणाची सांगा?

सोयाबीन स्ट्रायकर, हिंगोली
याचं उत्तर लंडनच्या विंबल्डनमध्ये आहे, टेनिसच्या नाही, फुटबॉलच्या. १९८८ चा एफए कप जिंकलेला क्लब, २००२ ला मालकांनी तो दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला, न्यायची परवानगी मिळवली. चाहत्यांनी एएफसी विंबल्डन काढला, मोकळ्या मैदानावर पोरं निवडली, नवव्या फळीतून सुरुवात. २०११ ला फुटबॉल लीगमध्ये आले. त्याआधीच, २००७ ला, मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि कपाची प्रतिकृती विंबल्डन ज्या मर्टन भागात येतं तिथल्या कौन्सिलकडं दिली. म्हणजे खेळण्याचा परवाना मालकाबरोबर गेला, कप गावात राहिला.

मांजराखोरे, धाराशिव
म्हणजे २०२२ ची ट्रॉफी हैदराबादच्या लोकांची. बघा, मालकाशिवाय हिशेब लागला.

कुंडलिकाकाठ, जालना
लागला, पण अर्धाच. गावानं कप सांभाळला, जिंकायला शिअरर कुणी आणला होता? वॉकरचं नाव मी काढत नाही. रहीमसाहेब मात्र त्याच्याआधी, हे मान्य. पंच, या रविवारी परळीहून येणार असाल तर गोलकीपरचे हातमोजे आणा, आमचे फाटलेत. मालक म्हणून तेवढा खर्च तुम्ही करा, फळ्यावर नाव लिहितो.

पायरीवरचा पंच, परळी
हातमोजे आणतो. नाव लिहिलं तर परत घेऊन जाईन.