प्रति: माणुसकी पुरत नाही का?

वर एकांनी विचारलंय, 'माफ करायला देव कशाला लागतो, माणुसकी पुरत नाही का?' माझी तरी पुरली नव्हती. गाव जालन्याकडचं. थोरल्या भावानं बांध कोरत कोरत माझ्या दोन सऱ्या आत घेतल्या. तीन वर्षं त्याच्या दारात पाय ठेवला नाही. चर्चला मात्र दर रविवारी, तेही पुढच्या बाकावर!

बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना आहे. तिच्यात ज्या अपराधांची माफी मागायची, त्यांना मराठीत शब्द 'ऋण' असा आहे. कर्ज म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. त्याच मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या गोष्टीत एका चाकराचं १०,००० तालांतांचं (तालांत म्हणजे त्या काळचं पैशाचं मोठं माप) देणं राजा सोडून देतो. म्हणजे अंदाजे ६ कोटी दिवसांची मजुरी! आणि बाहेर पडताच हा गडी १०० दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. १०० दिनार म्हणजे १०० दिवसांची मजुरी, तीही थोडी नाही. माझ्या सऱ्याही थोड्या नव्हत्याच. पण पहाटे गुडघ्यावर बसून स्वतःचीच खतावणी देवापुढं उघडायला लागलो, तसा भावाच्या नावचा आकडा बारीक दिसायला लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. वहिनीनं काही न विचारता चहा टाकला. बांध अजून तिथंच आहे.