मदत हवी आहे: बेस गिटारची ए (A) तार घुमते, जी (G) तार ऐकूच येत नाही

सई_खर्ज (मंगळवार, रात्री ११:४०)
शनिवारी कार्यक्रम आहे, म्हणून घाईत लिहितेय. माझ्या बेसच्या चार तारा (जाडीपासून बारीकपर्यंत ई, ए, डी, जी) एका आवाजात वाजत नाहीत. ई आणि ए इतक्या घुमतात की काल शेजारच्या काकू सांगायला आल्या. डी-जीवर गेलं की आवाज एकदम पातळ आणि कोरडा. एका गाण्यात एवरून जीपर्यंत चढत जाणारी ओळ आहे, ती वर पोचेपर्यंत विरून जाते. अ‍ॅम्पवर बेस कमी केला की ई-ए आवरतात, पण जी पार मरते. ट्रेबल वाढवला तर नुसती बोटांची खरखर. स्क्रूसुद्धा फिरवून झाले. प्लीज लवकर सांगा.

मंद्रसप्तक (रात्री ११:५२)
कोणता बेस? पिकअप (तारांखाली बसवलेला, आवाज उचलणारा चुंबकी भाग) एक की दोन? बॅटरी लागते का? तारा कधी बदलल्या? आणि कोणते स्क्रू फिरवलेत, ब्रिजवरचे (तारा टेकतात त्या घोडीवरचे) की पिकअपचे?

निषाद७७ (बुधवार, सकाळी ७:१५)
कंप्रेसर पेडल घ्या, ते मोठा आवाज दाबून सगळे सूर एका पातळीला आणतं. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आठ वर्षं वाजवतोय, माझंही हेच रडगाणं होतं. रेशो (दाबायचं प्रमाण) ४:१ ठेवला आणि सगळ्या तारा एका रेषेत आल्या. आता कंप्रेसरशिवाय स्टेजवर चढत नाही.

सई_खर्ज (सकाळी ८:०५)
चार तारांचा साधा बेस आहे, बॅटरी नाही. स्क्रू पिकअपचे. पेडल घ्यायला शनिवारपर्यंत ना पैसे आहेत ना वेळ.

मंद्रसप्तक (सकाळी ८:२०)
पिकअप एकच लांब पट्टी आहे, की दोन तुकडे पुढेमागे बसवलेत? आणि तारांचं राहिलंच.
निषाद, कंप्रेसर ईला दाबेल, पण जीला अंग कुठून आणणार? मुळात आवाज कमी उचलला जात असेल तर तिथेच बघायला हवं.

निषाद७७ (सकाळी ८:४१)
ई दाबली की एकूण आवाज वाढवता येतो, मग जी आपोआप पुढे येते. मी ऐकीव सांगत नाहीये, रोज वाजवतो.

मिरजकर (सकाळी १०:३०)
आमच्या घरात तंबोऱ्याचं काम चालतं, म्हणून लिहावंसं वाटलं. तारेचा आवाज कोरडा लागला तर आम्ही आधी जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा, बघतो. घोडीचा माथा कानसेने हलक्या हाताने घासायचा आणि तारेखाली सुती दोरा सरकवत जागा शोधायची. केसाएवढ्या फरकाने सूर खुलतो. तुमच्या जी तारेखालीही तार टेकते ती जागा नीट आहे का बघा.

सई_खर्ज (सकाळी १०:४८)
दादा, वाचायला फार छान वाटलं, पण माझी तार झणझणायला नकोय, मोठी वाजायला हवीय.
पिकअपचे दोन तुकडे आहेत, पुढेमागे. तारा दोन आठवड्यांपूर्वी दुकानात बदलून घेतल्या, ४५ ते १०५ जाडीचा सेट. त्यांनी 'सेटिंग'ही करून दिलं.

मंद्रसप्तक (सकाळी ११:१०)
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! म्हणजे पी-बेसच्या (प्रिसिजन बेसच्या) धर्तीचा स्प्लिट, म्हणजे दोन तुकड्यांचा, पिकअप. फेंडरने प्रिसिजन बेस १९५१ साली आणला आणि १९५७ मध्ये पिकअपचे असे दोन तुकडे केले. एक तुकडा ई-ए उचलतो, दुसरा डी-जी. डी-जीचा तुकडा ब्रिजच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून त्या तारा मुळातच थोड्या टणक वाजतात. तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट अशी की दोन्ही तुकड्यांची उंची वेगवेगळी लावता येते.
तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा. तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपमधल्या लोखंडी टोकापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ईकडे साधारण ३ मिमी, जीकडे अडीच, इथून सुरुवात करा. मग एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी वाजवून ऐका. फार वर घेऊ नका. चुंबक तारेला ओढायला लागला की ईवर वरच्या फ्रेट्सना एकाच सुरात दोन सूर डोलल्यासारखे ऐकू येतात.

जुना_बासवाला (दुपारी १:२५)
इथे सगळे स्क्रू आणि पेडलवर बोलतायत, हाताबद्दल कुणीच नाही. बारीक तारेला बोट जरा खोलवर घालून ओढावं लागतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन एका तर्जनीने वाजवायचे, जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या) तारांवर. आपल्याकडे पंचमदांच्या ताफ्यात टोनी वाझ होते. त्यांचा बेस ऐका, प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येतो. उजवा हात तयार करा.

निषाद७७ (दुपारी १:५०)
काका, चरणजित सिंगही बेस वाजवायचे ना? त्यांनीच पुढे १९८२ मध्ये रोलंड टीबी-३०३ वर रागांची रेकॉर्ड केली. ते यंत्र मुळात बेस गिटारच्या जागी वापरायला काढलं होतं.

जुना_बासवाला (दुपारी २:०२)
हो, तेच ते. ट्रान्झिकॉर्डही (इलेक्ट्रॉनिक अ‍ॅकॉर्डियन) वाजवायचे. त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहीन.

आईची_शाळा (दुपारी २:३०)
माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, बेस शिकायचं म्हणतो. पाच तारांचा घ्यावा का?

लहरी (दुपारी ३:१०)
सईताई, खोली केवढी आहे? अ‍ॅम्प कुठे ठेवता?

सई_खर्ज (दुपारी ३:३५)
दहा बाय चौदा, अ‍ॅम्प कोपऱ्यात. याचा काय संबंध?

लहरी (दुपारी ४:००)
मोठा संबंध आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, ए म्हणजे ५५. चौदा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४० हर्ट्झची लहर चपखल बसते आणि दहा फुटांमध्ये सुमारे ५६ ची. म्हणजे तुमची खोलीच ई आणि एला साथ देते. त्यात अ‍ॅम्प कोपऱ्यात, तिथून ही घुमी सगळ्यात जोरात उठते. अ‍ॅम्पला हेडफोन लावून ऐका. हेडफोनवर ए गप्प झाली, तर दोष गिटारचा नाही.

सई_खर्ज (संध्याकाळी ७:२०)
हेडफोन लावले. ए एकदम शहाण्यासारखी वाजली, ईसुद्धा! मी आठवडाभर उगाच अ‍ॅम्पची बटणं फिरवत बसले होते. पण डी-जी हेडफोनवरही दबलेल्याच आहेत.
उंची मोजली. ईकडे ३ मिमी, जीकडे जवळजवळ ६! स्क्रू सैल करते तर स्क्रू वर येतो, पिकअप मात्र तिथेच खाली. बोटाने दाबला तर डगडगतो.

मंद्रसप्तक (संध्याकाळी ७:३१)
सापडलं. पिकअपखाली फोमचा तुकडा असतो, तोच त्याला वर ढकलतो. स्क्रू फक्त खाली दाबून धरतो. तुमचा फोम मेलाय. आधी तारा सैल करा, मग दोन्ही स्क्रू काढून तो तुकडा हळूच उचला. खालच्या वायरी नाजूक असतात, ओढू नका.

निषाद७७ (संध्याकाळी ७:४५)
असं असेल तर आधी हेच करा. कंप्रेसरचं नंतर बघता येईल.

सई_खर्ज (गुरुवार, रात्री १०:१५)
उघडलं. फोमचा नुसता काळा भुगा झाला होता, बोटाला चिकट लागत होता. भांडी घासायच्या नव्या स्पंजचा पिवळा भाग कापून खाली ठेवला. स्क्रू आवळताना पहिल्यांदाच हाताला स्पंजचा उलटा दाब जाणवला. आता जीकडे अडीच मिमी आहे. डी तर एकदम भरून वाजतेय! जी अजून किंचित बारीक आहे, पण बासवाले काकांनी सांगितलं तसं बोट खोल घातलं की पुरते. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे ठेवलाय, घुमणं बरंच कमी झालं.
आज तालीम हॉलमध्ये होती. ती चढती ओळ आली तेव्हा कीबोर्डवाल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्याला ती पहिल्यांदाच ऐकू आली होती.
सगळ्यांचे मनापासून आभार.

आईची_शाळा (रात्री १०:४०)
अभिनंदन सई! पाच तारांचं कुणी सांगेल का?

जुना_बासवाला (रात्री १०:५२)
ताई, चारच तारांचा घ्या. बारा वर्षांचा हात लहान असतो, मान बारीक आणि लांबी कमी असलेला बघा. ३४ ऐवजी ३० इंची मिळतो.

कोकणी_ठेका (शुक्रवार, सकाळी ६:५०)
माझ्याही बेसचा डी-जीचा तुकडा असाच डगडगतो. सई, स्पंज किती जाड कापलास?

सई_खर्ज (सकाळी ७:०५)
खोबणीत ठेवून पिकअप वर बसवला तेव्हा तो हवा त्या उंचीपेक्षा बोटभर वर राहत होता, तेवढा. मग स्क्रूने दाबत खाली आणला. जाड झाला तर कापता येतो, त्यामुळे आधी जाडच काप.