कमिशन वाढलं की विक्रेते रडतात म्हणे!

शाईपेन_एडिसन
परवा इथे 'ग्राहकराजा' यांनी लिहिलं होतं, "ईबे या खरेदी-विक्रीच्या साईटने टक्का वाढवला की विक्रेत्यांचं रडगाणं सुरू. परवडत नसेल तर गाशा गुंडाळा, आमंत्रण कुणी दिलं होतं?" तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण दोन ओळींत राग मावेना. म्हणून वेगळा धागा.

मी जुनी शाईपेनं दुरुस्त करून विकतो. पोट त्यावर नाही, नाद आहे. मागच्या महिन्यात रविवारच्या बाजारात 12 डॉलरला एस्टरब्रुक कंपनीचं 'जे' मॉडेलचं एक पेन मिळालं. कॅम्डनला कारखाना होता त्यांचा, माझ्या घरापासून तासाभरावर. आतली शाईची रबरी पिशवी वाळक्या मिरचीसारखी कडकडीत झालेली. तिचे तुकडे दाभणाने कोरून काढले, नवी 16 नंबरची पिशवी शेलॅकने चिकटवली, रात्रभर वाळू दिली. दुसरी संध्याकाळ निब धुण्यात गेली. कितीही धुतली तरी जुनी शाई सुटतच होती.

आता ईबेचं अमेरिकेतलं उघड दरपत्रक लावून असल्या पेनचा हिशेब करा. पेन 40 डॉलर, टपाल 6. त्यावर न्यू जर्सीचा विक्रीकर 6.625 टक्के, म्हणजे गिऱ्हाईक देतं 49.05. ईबेचे 13.6 टक्के लागतात ते या पूर्ण रकमेवर! टपालावरही आणि सरकारच्या करावरही. शिवाय वर 40 सेंट. एकूण 7.07. चाळीसच्या पेनावर हे साडेसतराच्या वर गेलं, आणि कागदावर 13.6. जो कर माझ्या हाताला लागतसुद्धा नाही त्यावर मी कमिशन का भरायचं? टपाल, पिशवी, पेनची खरेदी वजा जाता दोन संध्याकाळचे 18 डॉलर 43 सेंट उरतात. जाहिरातीचे पैसे भरले तर त्यातूनही कपात.

रडगाणं म्हणा नाहीतर हिशेब म्हणा.

ग्राहकराजा
माझंच वाक्य घेऊन आलात, बरं वाटलं. मागे घेत नाही.

12 चं पेन 40 ला जातं हे आधी मान्य करा. ते 40 देणारा माणूस ओहायोत की ओसाकात हे तुम्हाला ठाऊक असतं का? शोधते साईट. पैसे आणून देते साईट. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराकडे न्या ते पेन, 15 च्या वर हातावर ठेवतो का बघा. तिथे तुम्ही हसत हसत जाता, कारण तिथे टक्का छापलेला नसतो.

हिशेबनीस
दोघांनीही अर्धा हिशेब मांडलाय.

2008 च्या फेब्रुवारीत ईबेने पहिल्या 25 डॉलरवरचा टक्का 5.25 वरून 8.75 केला होता. वस्तू मांडायची फी तेव्हा थोडी उतरवली होती, ते कुणाच्या लक्षात नाही. विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार घातला. आज 13.6 म्हटलं की सगळे 8.75 शी तुलना करतात, पण तेव्हा पैसे पोचवणाऱ्या पेपलचे 2.9 टक्के आणि 30 सेंट वेगळे जायचे. आता पैसे घेण्याचा खर्च टक्क्यातच आहे. मांडण्याची फी तेव्हा माल विकला गेला नाही तरी बुडायची, आता महिन्याला 250 वस्तू फुकट मांडता येतात. तरीही वाढ आहेच, नाही असं म्हणत नाही. करावर टक्का लावणं तर मलाही पटत नाही. फक्त "तिप्पट झालं" वगैरे म्हणू नका.

शाईपेन_एडिसन
ताई, तिप्पट मी कुठे म्हटलं?

हिशेबनीस
तुम्ही नाही, म्हणणार कुणीतरी. आधीच सांगून ठेवलं.

शिवराई_संग्रह
तिप्पट झालंय!! आणि 2008 काढलंच आहे तर त्या वर्षीची खरी गोची फीची नव्हती. त्याच वर्षी विक्रेत्याने गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायचा हक्क काढून घेतला. गिऱ्हाईक आपल्याला जोडा मारू शकतं, आपण फक्त "उत्तम ग्राहक" लिहायचं.

आपल्याकडचं तर विचारूच नका. बाझी नावाची लिलावाची साईट होती, तिला 2004 ला ईबेने घेतलं, 2017 ला ती फ्लिपकार्टकडे गेली आणि 14 ऑगस्ट 2018 ला कुलूप. माझ्या तिथल्या शेकडो चांगल्या शेऱ्यांचं काय झालं? आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोली लागते. दुदांडी शिवराईचा, म्हणजे जुन्या तांब्याच्या नाण्याचा, धूसर फोटो टाकतात, रात्री दहाला "बोली बंद" म्हणतात आणि दहा वाजून चार मिनिटांनी ग्रुपचालकाचा मेव्हणा बोली लावतो. कमिशन शून्य! घ्या.

ग्राहकराजा
शिवराई साहेब, माझ्या बाजूने बोलल्याबद्दल आभार.

शिवराई_संग्रह
मी कुणाच्या बाजूने नाही. मी वैतागलेला आहे.

निफाडकर
पेनवाल्या काकांचं वाचून हसू आलं, राग मानू नका. साडेसतरा टक्के म्हणे. आमच्या कांद्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, काय काय कापलं जायचं ते बघा एकदा. हमाली, तोलाई, वराई आणि अडत, म्हणजे मधल्या अडत्याचं कमिशन. ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं, ओळीत रात्र आम्ही काढायची. बोली लागते मिनिटभरात. तुम्ही पेनला किमान किंमत तरी लिहिता, आम्ही लिहीत नाही. "पटत नसेल तर माल परत न्या" म्हणतात. ट्रॉलीभर कांदा परत न्यायचा? कुठं?

अडत्याचा_नातू
कमिशनचा विषय निघाला की अडत्या काढायचाच का? आजोबा पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात गाळ्यावर बसायचे. पहाटे तीनला उठायचे. शेतकऱ्याला त्याच दिवशी रोख आणि खरेदीदाराला पंधरा दिवसांची उधारी. मधली बुडीत कुणाच्या माथी? त्या टक्क्याला तुम्ही लूट म्हणता, ती हमी होती. भाव काढून देणं आणि पैसे देणं अशी दोन कामं होती. ईबेही तेच करतं, फक्त पागोटं घालत नाही.

निफाडकर
हमी? 2016 च्या जुलैमध्ये सरकारने फळभाज्यांची आणि कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तुमच्या हमीवाल्यांनी लिलावच बंद पाडले. कांदा साठवणीच्या चाळीत सडायला लागला. पुन्हा सुरू करताना काय म्हणाले, तर मोकळा कांदा नको, गोणीत भरून आणा. गोणी कुणाच्या पैशाची? भरायची मजुरी कुणाची? एका दारातून अडत गेली, दुसऱ्या दारातून गोणी आली. तेव्हा मी बारावीत होतो. आईने आणि मी ओट्यावर बसून गोण्या शिवल्यात, सुतळीने बोटं कापायची. आम्हाला हमी शिकवू नका.

अडत्याचा_नातू
ते नाशिककडे झालं. गोणीचा निर्णय माझ्या आजोबांनी घेतला नव्हता. 2016 ला ते हयातही नव्हते.

निफाडकर
मग त्यांची वकिली कशाला करताय?

अडत्याचा_नातू
कारण तुम्ही त्यांना चोर म्हणताय!

निफाडकर
मी चोर हा शब्द वापरलाच नाही. तुम्हालाच सुचला.

हिशेबनीस
अहो, थांबा जरा दोघंही. निफाडकरांनी नकळत मुद्द्याची गोष्ट सांगितली आहे. अडत खरेदीदारावर टाकली तर शेतकऱ्याचं खरंच वाचलं का? व्यापाऱ्याला माल पडतो कितीला, ते तो डोक्यात धरूनच बोलतो. अडत त्याने द्यायची असेल तर बोलीच तेवढी खाली लावेल.

लंडनला 1975 मध्ये सदबीज आणि क्रिस्टीज या दोन्ही लिलावगृहांनी खरेदीदारावर 10 टक्के बसवले होते. सराईत खरेदीदार ते वजा करूनच हात वर करतो. ईबेनेही ब्रिटनमध्ये तेच केलं. 2024 च्या ऑक्टोबरात खासगी विक्रेत्यांची फी काढली, वाहवा झाली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत खरेदीदाराच्या माथी संरक्षण शुल्क. शाईपेनकाका, तुम्ही उद्या लंडनला गेलात तर फी शून्य दिसेल आणि पेन 40 ऐवजी 37 ला जाईल. मग इथे येऊन गिऱ्हाईक चिकट झालं म्हणाल.

निफाडकर
ताई, पुस्तकात बरोबर आहे. पण पट्टीवर कपात दिसणं आणि न दिसणं यात फरक आहे. बापाने लिलावात 1100 ऐकलं आणि हातात 1000 पडले की तो रात्री जेवत नाही. 1000 च ऐकलं आणि 1000 च मिळाले तर शिव्या देतो, पण जेवतो.

हिशेबनीस
हे मात्र माझ्या हिशेबात नव्हतं.

शिवराई_संग्रह
धागा पेनाचा आहे की कांद्याचा?

शाईपेन_एडिसन
राहू द्या, कांदाच बरा चाललाय. पण मला या हमीवर बोलायचंय. ज्या साईटवर हे झालं तिचं नाव घेत नाही. मी 90 डॉलरचं पार्कर 51 पाठवलं. "चालत नाही" म्हणून गिऱ्हाइकाने परत पाठवलं. खोका उघडला तर टोपी माझी, दांडा दुसऱ्याच पेनाचा, तोही चिरलेला! माझ्या पेनाच्या दांड्याला आतून बारीक ओरखडा होता, मीच पाडलेला, म्हणून छातीठोक सांगतो. फोटो पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं: वस्तू परत मिळाली आहे, पैसे ग्राहकाला दिले आहेत. टक्का घेतात हमीचा, पण ती हमी एकाच बाजूची. अडत्याने निदान तोंड तरी दाखवलं असतं.

अडत्याचा_नातू
धन्यवाद. तीस ओळींनंतर कुणीतरी बोललं.

ग्राहकराजा
वाईट झालं, मनापासून म्हणतो. पण उलटं माझ्या मामेबहिणीचं झालं. फेसबुकवर ओळख झालेल्या माणसाला जुन्या कॅमेऱ्याचे 18 हजार थेट पाठवले. कॅमेरा आला नाही, माणसाचं खातं गायब. मध्ये कुणी नव्हतं, कमिशन नव्हतं, दाद मागायला दारही नव्हतं. तुम्ही पार्करचे 90 घालवलेत आणि तरीही त्याच साईटवर विकताय. का? सांगा ना.

शाईपेन_एडिसन
कारण दुसरीकडे गिऱ्हाईक नाही. म्हणूनच तर ते टक्का वाढवू शकतात! माझं म्हणणं पहिल्यापासून तेच आहे. गावात एकच विहीर असली की पाणी महागच मिळतं. त्यावर "आमंत्रण कुणी दिलं" विचारणं म्हणजे तहानलेल्याला तू जन्मलासच कशाला विचारणं.

ग्राहकराजा
"आमंत्रण" हा शब्द मागे घेतो. बाकी वाक्य तसंच ठेवतो.

शाईपेन_एडिसन
केवढं हे औदार्य! त्यावर टक्का किती लावू?

निफाडकर
काका, भांडण बाजूला. ते एस्टरब्रुक गेलं का अजून आहे? मला हवंय. साईट नको, थेट द्या. तुमचे 7 डॉलर वाचतील, निम्मे मला सोडा.

शाईपेन_एडिसन
साईटवरून ओळख झाली असती तर थेट विकणं नियमात बसलं नसतं. पण तुम्ही इथे भेटलात आणि पेन अजून मांडलेलं नाही, तेव्हा हरकत नाही. फक्त भारतात पाठवायचं टपाल पेनाच्या किमतीच्या जवळ जातं, आणि तिकडे जकात लागली तर ती तुमची. दिवाळीत पुण्याला येतोय, तोवर थांबलात तर टपाल शून्य. पैसे आधी की पेन आधी?

ग्राहकराजा
मी काही बोलत नाही. नुसता वाचतोय.

निफाडकर
माल आधी देऊन पैसे बुडाल्याचा अनुभव घरात आहे. एका व्यापाऱ्याचा चेक परत आला तो आला, व्यापारी परत आला नाही. पैसे आधी देऊन माल बुडायचा अनुभव मात्र अजून नाही. तरी नकोच. पुण्याला समोरासमोर घेईन, एका हाताने पेन आणि दुसऱ्या हाताने नोटा.

अडत्याचा_नातू
जागा लागली तर गाळा गुलटेकडीला आहे. चहा पाजतो. टक्का नाही.

निफाडकर
चहा घेईन. गोणी आणणार नाही. काका, निब कुठली आहे? मोडी शिकतोय, तिरपी कापलेली लागते.

शाईपेन_एडिसन
आत्ता 1551 नंबरची आहे, तिने जमायचं नाही. पण या पेनाची निब फिरवून काढता येते. माझ्याकडे एक 2312 पडून आहे, इटॅलिक, म्हणजे चपट्या टोकाची. ती बसवून ठेवतो. तिचे 10 वेगळे.