मदत हवी आहे: गुलमर्गला अफरवट शिखराच्या उतारांवरचा बर्फ ओळखायचा कसा?

मंडळी, फेब्रुवारीत आम्ही चौघं गुलमर्गला चाललोय, गोंडोलाने (केबल कारने) अफरवटला जाऊन पेट्रोलिंगच्या हद्दीबाहेर (जिथे सुरक्षा पथकाची गस्त नसते) स्की करत उतरायचा प्लॅन आहे, लोकल गाइड ठरलाय. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त हे माहितीय, पण वाऱ्याने एका बाजूला साचलेला थर, वरून कडक आणि खाली भुसभुशीत, तो जागेवर कसा ओळखता? काठी खुपसून कळतं का खड्डा खणूनच बघायचं? डीजीआरईचा (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्था) इशारा जिल्हावार येतो, त्यावरून एका नाळेचा (डोंगरातल्या अरुंद घळीचा) अंदाज बांधणं मला तरी पटत नाही. आणि बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (शोधण्यासाठी बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं तिघांकडेच आहे, चौथ्याला तिथे भाड्याने मिळेल का? त्याशिवाय त्याला वर न्यायची माझी अजिबात तयारी नाही. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.