पुरस्कार मिळाले, पण मराठी सिनेमा फोंड्यात बघायचा कुठे?

फोंडेकर:
‘साबर बोंडं’ बघायला मी फोंड्याहून पणजीला गेलो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेला मराठी सिनेमा, आणि थिएटरात आम्ही सहा जण! वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाही, कॅमेराही घाई करत नाही. जयश्री जगताप यांनी केलेली आई तर डोक्यातून जात नाही. मुलाचं सगळं ठाऊक असलेली, त्याला जपणारी. असे सिनेमे दोन दिवसांत उतरवतात, याचा मला खरंच राग येतो. तुम्ही कुठे बघता?

शांतादुर्गा_कवळे:
भाऊ, आमच्याकडे नाटकाला अजून गर्दी होते, सिनेमाला का नाही? ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘नाळ २’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपट मिळाला, तेव्हा कुठे आमच्या घरात तो लावला. त्यातली छोटी त्रिशा ठोसर रुसून बसते तेव्हा माझी नात टीव्हीजवळ सरकली. हा मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता.

म्हापसा_७:
इफ्फीचा, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा पास काढा. २००४ पासून महोत्सव आपल्या दारात आहे. मी नोव्हेंबरात रजा राखूनच ठेवतो.

फोंडेकर:
इफ्फी आहेच हो, पण आई गुडघ्यांमुळे रांगेत उभी राहू शकत नाही. तिला फोंड्यातच, रविवारी दुपारी, मराठी सिनेमा दाखवायचाय. पंधरा-वीस जण जमलो तर थिएटरवाल्याशी बोलतो. कोण येतंय?

शांतादुर्गा_कवळे:
आम्ही चार. नात धरून पाच.