विजया तेल, अपस्मार आणि डॉक्टरांवरचा अविश्वास

निर्गुडी:
विजया तेल, म्हणजे गांजाच्या पानांच्या अर्काचं तेल, अपस्मारावर घेणाऱ्यांना अडाणी म्हटलं जातं, म्हणून हे लिहिणं. कलकत्त्यात 1839 मध्ये डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी गांजाच्या अर्काचे निष्कर्ष मांडले. धनुर्वात, पटकी आणि तान्ह्या बाळाला येणारे झटके, या सगळ्यांवर त्यांनी तो वापरून पाहिला होता. पुढे तो ब्रिटिश आणि अमेरिकी औषधकोशांत गेला. अमेरिकेत 1937 मध्ये गांजावर जाचक कर बसवणारा कायदा आला, तेव्हा तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधीनेच विरोध केला होता. तरी 1942 पर्यंत औषधकोशातून नाव उडालं. ब्राझीलमध्ये कार्लिनी आणि इस्रायलचे मेशुलम यांच्या गटाने 1980 मध्ये आठ अपस्मारग्रस्तांना रोज 200 ते 300 मिलिग्रॅम सीबीडी (गांजातलं नशा न आणणारं द्रव्य) दिलं आणि चौघांचे झटके जवळजवळ थांबले. एवढं हाती असून एपिडायोलेक्स या सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला 2018 उजाडलं. एक कारण हे की निसर्गातल्या झाडाचं पेटंट मिळत नाही आणि पेटंट नसेल तर चाचणीत पैसा कोणी घालत नाही. आलं तेही वर्षाला साडेबत्तीस हजार डॉलरला.

याच व्यवस्थेने व्हायॉक्स हे वेदनाशामक विकलं आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. आपल्याकडे 2016 मध्ये केंद्र सरकारने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली. तोवर ती चिठ्ठीवर लिहून मिळत होती. अशा वेळी आयुष परवान्याचं विजया तेल कोणी घेतलं तर त्याला अडाणी कसं म्हणता?

मात्रा:
अडाणी म्हणूच नये. बाटलीचं गणित मात्र करावं. एपिडायोलेक्सची सुरुवात किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमने होते, दोन वेळांत विभागून. आठवड्याने 10 आणि गरजेप्रमाणे 20 पर्यंत. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 10 च्या हिशेबाने रोज 200 मिलिग्रॅम. 30 मिलीच्या बाटलीत 1000 मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर एका मिलीत 33. रोज सहा मिली लागतील आणि बाटली पाच दिवसांत संपेल. प्रत्यक्षात सांगितलं जातं 'सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब'. वीस थेंबांचा एक मिली धरला तर हे साधारण 17 मिलिग्रॅम झाले, लागणाऱ्या मात्रेचा बारावा हिस्सा.

शिवाय लेबलवर बहुधा 'विजया पत्र अर्क 1000 मिलिग्रॅम' असतं. हे अर्काचं वजन झालं. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) किती, हे त्यावरून कळत नाही. पानाच्या अर्कात टीएचसी येतं, आणि झटक्यांवर मान्यता मिळालेलं द्रव्य ते नव्हे.

निर्गुडी:
मात्रा कमी पडते हे तेलाविरुद्धचं कारण नाही, ते माहितीच्या अभावाचं आहे. योग्य मात्रा कोणी सांगायची? डॉक्टर विषय काढताच तोंड फिरवतात. ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणीच्या तीव्र अपस्माराच्या 120 मुलांवरची चाचणी 2017 मध्ये छापून आली: सीबीडी गटात महिन्याचे मोठे झटके 12.4 वरून 5.9 वर आले, सीबीडी नसलेलं दिखाऊ औषध मिळालेल्या दुसऱ्या गटात 14.9 वरून 14.1 वर. हा आकडा कुठल्या व्हॉट्सॲपवरचा नाही.

मात्रा:
आकडा बरोबर आहे, आणि तो पुरता वाचायला हवा. त्या मुलांची आधीची औषधं बंद केली नव्हती. सीबीडी त्यांच्या जोडीने दिलं होतं. इथे नेमकी उलट चूक होते. तेल सुरू झालं की घरचे सोडियम व्हॅल्प्रोएट हे झटक्यांचं औषध स्वतःच कमी करतात. अपस्माराचं औषध अचानक तोडलं की पाच मिनिटं उलटली तरी न थांबणारा झटका येऊ शकतो, आणि त्यात जीव जातो.

दुसरा धोका मात्रा पुरेशी असते तेव्हाचा. सीबीडी यकृतातलं सीवायपी2सी19 हे औषधं मोडणारं विकर अडवतं. सोबत क्लोबाझाम हे झटक्यांचं दुसरं औषध चालू असेल तर त्याचं क्रियाशील रूप रक्तात साठतं, मूल गुंगीत राहतं, आणि घरी वाटतं की शांत झालं. व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताची विकरं वाढतात. म्हणून सुरुवातीला, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात यकृताची रक्ततपासणी सांगितली आहे. तेलाच्या बाटलीबरोबर ही सूचना कोण देतं?

शार्ङ्गधर-वाचक:
आयुर्वेदाच्या नावावर चाललंय म्हणून लिहितो. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने भांग 'व्यवायी' द्रव्याचं उदाहरण म्हणून दिली आहे: आधी शरीरभर पसरते, मग पचते. म्हणूनच ती जपून द्यायची. ग्रंथांत ती कल्पात, म्हणजे इतर द्रव्यांच्या मिश्रणात, येते. जातीफलादि चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, जायफळ यांच्या सोबत, ग्रहणीवर, म्हणजे पोटाच्या जुनाट विकारावर. त्याआधी शोधन, म्हणजे शुद्धी: पानं फडक्यात बांधून, हिरवं पाणी येईनासं होईपर्यंत धुवायची, वाळवायची, मंद आचेवर गाईच्या तुपात परतायची. नुसता अर्क तेलात मिसळून जिभेखाली टाकायचा आणि त्याला शास्त्रोक्त म्हणायचं, हे मला मान्य नाही. औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या ई-1 अनुसूचीत विजया आहे, त्यामुळे 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' हा इशारा लेबलवर लागतोच. तो बारीक अक्षरात जातो.

मात्रा:
एक शंका. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तुपात विरघळतं. मग धुण्याने काय जातं?

शार्ङ्गधर-वाचक:
धूळ, रंग आणि पाण्यात जाणारा भाग जातो. अंमल जात नाही. 'शोधित म्हणजे नशा नाही' असं विक्रेते सांगतात ते चूक आहे. हे घेऊन गाडी चालवू नये. पोटात घेतलेल्याचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून दुसरी मात्रा घेणारेच अडचणीत येतात. घरात कोणाला भ्रम किंवा उन्मादाचा आजार असेल, किंवा घेणारी गर्भार असेल, तर टीएचसी असलेलं काहीही देऊ नये.

गिरणगाव:
मुलांच्या झटक्यांवर सगळे बोलताय, कर्करोगाच्या वेदनेवरही बोला. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिनसाठी राज्याराज्यांत चार-पाच परवान्यांची जंत्री झाली आणि वापर कोसळला. 2014 च्या दुरुस्तीने एकच परवाना पुरेसा केला, तरी आजही कित्येक जिल्ह्यांत गोळी मिळत नाही. माणूस रात्रभर कण्हतो, रुग्णालय पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतं. मग गांजाच्या तेलवाल्याने फोन उचलून पंधरा मिनिटं ऐकून घेतलं, तर विश्वास कोणावर बसेल?

मात्रा:
तुमचा राग रास्त आहे. मागणी मॉर्फिनची करा, ती जोरात करा. दर चार तासांनी तोंडाने दिलेली साधी गोळी आणि जोडीला बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रेचक, यावर बहुतेकांची वेदना आटोक्यात येते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये वेदनेसाठी गांजाजन्य औषधांची शिफारस केली नाही. केमोच्या उलट्यांवर उपयोग दिसला तो बहुतेक जुन्या औषधांशी तुलना करून. आज उलट्यांवर ऑन्डानसेट्रॉन, डेक्सामेथासोन, ओलांझापीन हाताशी आहेत.

आणि 'तेलाने गाठ विरघळते' हा दावा प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवरून आला आहे. येलच्या संशोधकांनी बऱ्या होण्याजोग्या कर्करोगाच्या 281 रुग्णांची नोंद तपासली, ज्यांनी प्रमाणित उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले. त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून जास्त.

निर्गुडी:
गाठ विरघळते असं मी म्हटलेलंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात डिसेंबर 2020 मध्ये गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं मत 27 विरुद्ध 25 ने पडलं, आणि भारताने बाजूने मत दिलं. वैद्यकीय उपयोग आहे हे सरकारने मान्य केलं. मग प्रमाणित सीबीडी सरकारी रुग्णालयात का नको? काळ्याबाजाराची आणि अर्धवट लेबलांची जागा त्यानेच भरेल.

मात्रा:
त्याला माझा पाठिंबा आहे. अमेरिकेत 2017 मध्ये ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे 31 टक्क्यांवरच लेबल बरोबर होतं आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं. कंपनीवर अविश्वास दाखवायचा तर तो या बाटलीवरही दाखवा. त्या बॅचचा प्रयोगशाळेचा दाखला मागा: बॅच क्रमांक बाटलीशी जुळतो का, सीबीडी आणि टीएचसी वेगवेगळे दिलेत का, शिसं आणि कीटकनाशकं तपासलीत का. दाखला न देणाऱ्याकडून घेऊ नका.

निर्गुडी:
आणि डॉक्टरांनी ओरडणं थांबवावं. ओरडले की रुग्ण लपवतो. वॉरफेरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधावरच्या माणसाने तेल लपवलं तर रक्तस्राव होईल, त्याची जबाबदारी कोणाची?

मात्रा:
लपवायला लावणाऱ्याचीही. वॉरफेरिन चालू असेल तर तेल सुरू करताना, मात्रा बदलताना आणि बंद करतानाही आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून घ्या. मूत्रपिंड बदललेल्यांचं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेलं औषध, तेही रक्तात असंच वाढतं. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाटलीच दाखवा, नुसतं नाव सांगू नका.